बारा बारमध्ये लिकची जागा कोणती? पाठांतरावर एक आक्षेप

कळवा ब्रिज (धागालेखक)

मुद्दा आधीच मांडतो, म्हणजे ज्यांना भांडायचे आहे त्यांना शेवटपर्यंत थांबावे लागणार नाही. ब्लूज गिटार शिकणारे आपल्याकडचे बहुतेक जण लिक्स (वादनात वापरायची छोटी, तयार स्वरवाक्ये) साठवत बसतात, पण ती लिक बारा बारच्या, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खणांच्या, आवर्तनात नेमकी कुठे बसते हे शिकायचे राहूनच जाते. ज्या लिकचा बार आपल्याला सांगता येत नाही, ती कितीही सफाईने वाजत असली तरी आपल्याला येत नाही, असे माझे मत आहे.

हे मत फजितीतून बनले आहे. गेल्या पावसाळ्यात कोपरखैरण्याच्या एका सराव-खोलीत आम्ही चौघे ए हा मूळ स्वर धरून संथ शफल (झुलता ठेका) वाजवत होतो. मला तेव्हा चाळीसेक लिक्स पाठ होत्या आणि त्या सगळ्या त्याच संध्याकाळी वाजवून दाखवण्याची घाईही होती. पहिल्या चार बारांत सी शार्पवर संपणारी एक लिक फार छान लागली, म्हणून तीच पाचव्या बारात पुन्हा घेतली आणि शेवटचा स्वर व्हायब्रेटो (थरथर) देऊन चांगला लांबवला. त्या वेळी बेसने डी धरला होता आणि कीबोर्डवर डी सेव्हन हा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजत होता, म्हणजे कॉर्डमध्ये साधा सी होता आणि मी त्याच्या अर्धा स्वर वर हट्टाने बसलो होतो. बेसवाल्या मित्राने हात न थांबवता विचारले, "पाचवा आला, तू अजून पहिल्या ओळीतच आहेस का?"

ज्यांच्या डोळ्यांसमोर आराखडा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ए मध्ये पहिले चार बार ए सेव्हनचे, मग दोन डी सेव्हनचे, दोन पुन्हा ए सेव्हनचे, नववा ई सेव्हनचा, दहावा डी सेव्हनचा, अकरावा ए सेव्हनचा, आणि बाराव्यात बहुधा ई सेव्हनवर जाऊन पुन्हा सुरुवातीकडे वळायचे. काही जण दुसऱ्याच बारात डी सेव्हनला जाऊन परततात. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचे, आणि मेट्रोनोम मिनिटाला ८० मात्रांवर ठेवला तर ते ३६ सेकंदांत संपते.

हे मोजायला आपल्या हाताइतके सोयीचे साधन नाही. अंगठा सोडला तर चार बोटे आणि प्रत्येकाला तीन पेरे. एरवी आपण पेरे बोटाच्या लांबीत मोजतो. इथे ती आडवी मोजावीत. वरची रांग ही चार बारांची पहिली ओळ, मधल्या रांगेत तर्जनीवर डी सेव्हन येतो, खालच्या रांगेत तर्जनीवर ई सेव्हन. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने, कानात एखादे जुने रेकॉर्डिंग लावून मी हे महिनाभर केले. शेजारच्या प्रवाशांना मी जप करतो आहे असे वाटले असावे.

आता सगळ्यांना येणारी एकच लिक घ्या: तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवरचा (दांडीवरच्या पडद्यावरचा) डी पूर्ण स्वर ओढून ई पर्यंत नेणे, मग दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट, मग पहिल्या तारेचा पाचवा. म्हणजे ई, ई, ए. पहिल्या बारात ही लिक घरी पोचल्यासारखी वाटते, कारण शेवटचा ए हा कॉर्डचा मूळ स्वर आहे. पाचव्या बारात तोच ए डी सेव्हनचा पंचम होतो आणि लिक थोडी सैल, बाहेर बघणारी वाटते. नवव्या बारात तो ई सेव्हनवर चौथा स्वर होऊन लोंबकळत राहतो. बोटे तीच असली तरी अर्थ तीन झाले. म्हणून माझे म्हणणे असे की नव्या लिक्सच्या मागे न लागता तीनच घ्याव्यात आणि त्या बाराही ठिकाणी बसवून, कुठे शेवट बदलावा लागतो हे कानाने ठरवावे.

वाशी सेक्टर सतरा

आपला अनुभव खरा असेल, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. आपण पाचव्या बारात चुकलात ते चाळीस लिक्स येत होत्या म्हणून नव्हे, तर डी सेव्हनवर शोभणाऱ्या दहा लिक्स त्यांत नव्हत्या म्हणून. शब्दसंग्रह तोकडा ठेवून व्याकरण पक्के करण्याचा सल्ला आपण देत आहात, आणि त्या वाटेने भाषा शिकलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

ब्लूजचा इतिहास हा उसनवारीचा इतिहास आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. चक बेरी यांच्या १९५८ च्या 'जॉनी बी. गुड'ची सुरुवात ऐका आणि मग लुई जॉर्डन यांच्या १९४६ च्या एका रेकॉर्डवर कार्ल होगन यांनी वाजवलेली सुरुवात ऐका; दोन्ही जवळजवळ स्वरागणिक जुळतात. स्टीव्ही रे वॉन यांच्या वादनात अल्बर्ट किंग यांच्या लिक्स इतक्या उघडपणे येतात की १९८३ मध्ये दोघे एकत्र वाजवायला बसले त्या रेकॉर्डिंगमध्ये कोण केव्हा वाजवतो आहे हे ओळखणे हाच एक खेळ होतो. या मंडळींनी रेकॉर्डवर सुई मागे नेऊन नेऊन शेकडो वाक्ये आत्मसात केली होती, आणि प्रत्येक वाक्य जिथे ऐकले त्या जागेसकटच ते डोक्यात गेले.

इथेच आपल्या आणि माझ्या म्हणण्यातला खरा फरक आहे. आपण ज्याला पाठांतराचा दोष म्हणता तो टॅब (कोणत्या तारेवर कोणता फ्रेट दाबायचा एवढेच सांगणारी लिपी) वाचून केलेल्या पाठांतराचा दोष आहे. टॅबमध्ये लिक एकटी, कापून ठेवलेल्या फोडीसारखी येते. तीच अख्ख्या सोलोतून कानाने उचलली तर तिचा बार वेगळा शिकावा लागत नाही. तेव्हा तीनवर थांबू नका, तीनशे शिका, मात्र पूर्ण सोलो उतरवून शिका.

ऐरोली शफल

मी ड्रम वाजवतो, त्यामुळे दोघांचेही सोलो मलाच सहन करावे लागतात. लिक कोणत्या स्वरावर संपते याची आपण चिंता करता, ती संपते यातच मला समाधान असते. ब्लूजच्या गाण्यात चार बारांची ओळ असते, गाणारा साधारण पहिल्या दोन बारांत बोलून घेतो आणि उरलेल्या जागेत गिटार उत्तर देते. पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिचा निकाल लावणारी तिसरी. बी. बी. किंग गात असताना सहसा वाजवत नसत आणि वाजवताना गात नसत, त्यामुळे त्यांच्या एकट्याच्या अंगात हा सवाल-जवाब चाललेला असे. आपल्याकडच्या सोलोवाल्यांना मात्र प्रश्नही स्वतःच विचारायचा असतो, उत्तरही लगेच द्यायचे असते आणि टाळ्याही स्वतःच वाजवायच्या असतात. बारा बारांपैकी निदान पाच बार हात तारांवरून उचला, मग लिक्स तीन की तीनशे ते ठरवू.

दोन गंधार

मी मूळचा गाण्याच्या तालमीतला, गिटार उशिरा हातात घेतली, त्यामुळे माझा आक्षेप वेगळ्या बाजूने आहे. आपण सगळेच कॉर्डच्या मागे धावत आहात. ए ला षड्ज मानले तर मायनर पेंटाटॉनिक ही ब्लूजमधली नेहमीची स्वरावली म्हणजे सरळ धानी रागाचे पाच स्वर: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. त्यात शुद्ध गंधार मिसळला की जोग रागाची आठवण होते, कारण जोगमध्ये चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल असे दोन्ही गंधार येतात. ब्लूजमधली गंमत या दोन गंधारांच्या मधल्या जागेत आहे. तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा सी किंचितच ओढला की तो ना कोमल राहतो ना शुद्ध होतो, आणि ती जागा फ्रेटवर कुठेच आखलेली नसते.

ही जागा साधली असेल तर खालचा कॉर्ड बदलला तरी षड्ज हलवण्याची गरज नाही. जॉन ली हूकर यांनी तर कित्येकदा एकाच कॉर्डवर गाणे चालवले आणि बार बारा झाले की साडेतेरा याची पर्वा केली नाही. मग पेरे मोजून प्रत्येक बाराला वेगळा शेवट जोडण्याचा हा हिशेब कशासाठी? षड्ज पक्का धरावा आणि उपजेने वाजवावे. पाठ केलेली लिक, मग ती तीनातली असो वा तीनशेंतली, मैफलीत पाठ केलेल्या तानेसारखीच ओळखू येते.

कळवा ब्रिज

वाशीकरांचे टॅबबद्दलचे म्हणणे मान्य आहे आणि मूळ मजकुरात ते मीच लिहायला हवे होते. माझ्या चाळीसही लिक्स टॅबवरूनच आलेल्या होत्या. तरीही पूर्ण सोलो उतरवणारे मी पाहिले आहेत. त्यांना तो सोलो अथपासून इतिपर्यंत येतो, पण मधलीच एक ओळ दुसऱ्या गाण्यात नेऊन बसव म्हटले की ते पुन्हा पहिल्या बारापासून सुरू करतात. जागेसकट शिकलेली लिक त्याच जागेला चिकटून बसते, हा त्याचा दुसरा दोष.

दोन गंधार यांना एकच विचारतो. हूकर एकटे पाय आपटत वाजवत होते, तेव्हा त्यांनी साडेतेरा बार केले तरी पाय त्यांच्या मागे येत होता. आपण चौघांबरोबर वाजवत असू तर साडेतेराव्या बाराला बाकीचे तिघे कुठे जातील? शिवाय गंधाराचेच उदाहरण घ्या. ए सेव्हनवर शुद्ध गंधार कॉर्डचा स्वतःचा स्वर आहे आणि डी सेव्हनवर कोमल गंधार कॉर्डचा. चौथ्या बारात शुद्धावर थांबून पाचव्याच्या समेवर कोमलावर उतरलो, तर एका अर्ध्या स्वरात अख्ख्या बदलाची वर्दी मिळते, साथीला कोणी नसले तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेला कळतो. या एका उतारासाठी मी माझ्या तीसेक लिक्स आनंदाने विसरलो.

नौपाड्यातला शिकवणीवाला

ही सगळी चर्चा ज्यांना आधीच वाजवता येते अशांची आहे. माझ्याकडे संध्याकाळी चौदा-पंधरा वर्षांची मुले येतात, शाळा आणि क्लास यांच्यामधल्या तासाभरात. त्यांना पहिल्या दिवशी पेरे मोजायला लावली तर दुसऱ्या आठवड्यात ती येणार नाहीत. बेंड (तार ओढून चढवलेला स्वर) लागलेली एक लिक हातात दिली तर ती रात्री घरच्यांना वैताग येईपर्यंत वाजवतील. त्यामुळे मी आधी लिक देतो आणि जागा नंतर, आणि हा क्रम मी बदलणार नाही. फक्त एक बंधन घालतो: जी लिक गळ्यातून, बेसूर का होईना, म्हणता येत नाही ती वाजवायची नाही. त्यामुळे ऐरोलीकरांना हवे असलेले थांबे आपोआप येतात, कारण मुलांना श्वास घ्यावाच लागतो.

नेरूळ, नवी तार

मी नवीन आहे. तीन लिक्स घ्यायच्या ठरवल्या तर कोणत्या घ्याव्यात, आणि पाचव्या बारासाठी शेवट नेमका कसा बदलावा, हे कृपया फ्रेटसह सांगावे.

कळवा ब्रिज

पहिली वर दिलेली ई-ई-ए घ्या. ए सेव्हनवर ती पुढे वाढवून तिसऱ्या तारेच्या पाचव्यावरून सहाव्यावर सरकत चौथ्या तारेच्या सातव्यावर संपवा. डी सेव्हनवर तोच शेवट तिसऱ्या तारेच्या पाचव्यावरच थांबवा, सहाव्याकडे जाऊ नका. किंवा दुसऱ्या तारेचा सातवा, म्हणजे एफ शार्प, घेऊन पाहा. ई सेव्हनवर पहिल्या तारेचा चौथा फ्रेट आहे, तो जी शार्प. बोटांच्या नेहमीच्या चौकटीबाहेरचा असल्याने बोट आधी बिचकते. दुसरी लिक खालच्या तारांवरची घ्या, आणि तिसरी अकराव्या-बाराव्या बारांतली टर्नअराउंडची, म्हणजे पुन्हा सुरुवातीकडे वळवणारी, कारण ती चुकली की सगळेच चुकतात. सुरुवात ६० च्या लयीत करा.

वाशी सेक्टर सतरा

यात एवढीच भर घालतो की दुसरी आणि तिसरी लिक कोणाकडून लिहून घेऊ नका. टी-बोन वॉकर किंवा फ्रेडी किंग यांचे कोणतेही एक आवर्तन निवडा आणि स्वतः उतरवा. आठ दिवस लागले तरी चालतील. तीनचा आकडा मला अजूनही मान्य नाही.

दोन गंधार

काल रात्री वाद्य लावून आपली ई-ई-ए नवव्या बारात घेतली आणि शेवटचा षड्ज सोडलाच नाही, दोन बार तसाच धरला. ई सेव्हनवर तो खरोखर अधांतरी होता, आपण म्हणता तसा. दहाव्या बारात खाली डी सेव्हन आला तसा तो न हलता पंचम झाला, आणि अकराव्यात ए सेव्हन येताच घरी पोचला. शेवट बदलण्याची गरज पडली नाही, आणि बार मी मोजले नव्हते.

ऐरोली शफल

तुम्ही दोन बार एकच स्वर धरून बसलात, हे वाचून समाधान वाटले. पुढच्या शनिवारी कोपरखैरण्याला या. मोजायचे काम माझ्याकडे असू द्या. मात्र त्या सराव-खोलीतला पंखा तिसऱ्या मात्रेवर खडखडतो, त्याला सम समजू नका.