मदत हवी आहे: महामार्गावरच्या चौफुलीसाठी उड्डाणपूल मागायचा की दुसरं काही?

नमस्कार मंडळी,

चौपदरी महामार्गाला दुपदरी रस्ता आडवा छेदतो, अशा एका चौफुलीच्या सुधारणेसाठी नागरिकांकडून सूचना मागवल्या आहेत. आमच्या रहिवासी गटाने मसुदा लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. मी अभियंता नाही, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

परिस्थिती अशी. वाहतूक डावीकडून, महामार्गावर वेगमर्यादा ८०, सिग्नल नाही. दुभाजकात एक फट सोडलेली आहे. आडव्या रस्त्यावरून सरळ पलीकडे जाणारे, उजवीकडे वळणारे आणि महामार्गावरून उजवीकडे उतरणारे असे सगळे त्याच फटीत येऊन अडकतात. फट जेमतेम एका मोटारीच्या लांबीची. ट्रक आत शिरला की त्याचं मागचं अंग वेगाच्या लेनमध्येच राहतं. त्यात आडवा रस्ता तिरका येऊन मिळतो, त्यामुळे एका बाजूने येणारी वाहनं बघायला चालकाला पार मान मुरगाळावी लागते.

साधा हिशोब मांडला. ८० च्या वेगाने वाहन सेकंदाला २२ मीटर कापतं. थांबलेल्या मोटारीला दोन लेन ओलांडायला सात सेकंद धरले, तर निदान १५५ मीटरवरचं वाहन दिसायला हवं. इथे वळण आणि झाडी यांमुळे तेवढं दिसतच नाही. म्हणजे चालकाने कितीही सांभाळून गाडी काढली तरी मामला नशिबाचा.

गटात एकमत नाही. ज्येष्ठ मंडळींना उड्डाणपूल हवाय, रोज कामाला जाणाऱ्यांना सिग्नल, आणि दोघातिघांनी सर्कलचा आग्रह धरलाय. ‘गतिरोधक टाका आणि मोकळे व्हा’ म्हणणारेही आहेतच. माझे प्रश्न दोन: यातलं काय मागावं, आणि ते मागताना हाताशी कोणती माहिती असावी?

---

जुना रस्तेवाला:

उत्तर उलट्या क्रमाने देतो, कारण दुसऱ्या प्रश्नाशिवाय पहिल्याला अर्थ नाही.

आधी वळणांची मोजणी करा. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून. चार हात, प्रत्येकाची डावी, सरळ, उजवी अशी तीन तोंडं, म्हणजे बारा रकाने. दुचाकी, मोटार, बस, ट्रक वेगळे लिहा. ‘रोज इतकी हजार वाहनं जातात’ या आकड्याने काही ठरत नाही. त्रास कोणत्या रकान्यात आहे ते कळलं पाहिजे.

तुमच्या वर्णनावरून तो उजव्या वळणात आणि आरपार जाण्यात दिसतो. महामार्ग वर उचलला तर सरळ जाणारे सुटतात, पण वळणारे पुलाखाली तसेच एकमेकांसमोर येतात आणि तिथे पुन्हा सिग्नल लागतोच. खर्च आणि वर्षं वेगळीच.

सिग्नलने काटकोनातल्या धडका कमी होतात, हे खरं. पण मागून ठोकण्याचे प्रकार वाढतात, आणि ८० च्या वेगात पिवळा लागला की थांबावं की निघावं हे ठरवायच्या आतच चौक येतो. सिग्नल हवाच असेल तर वेग आधी, बराच अलीकडून, उतरवावा लागेल. ८० ची धडक ५० च्या धडकेपेक्षा अडीच पटींहून जास्त ऊर्जेची असते.

गतिरोधकाचं नावही काढू नका. मोकळ्या महामार्गावर अचानक उंचवटा आला की पहिला ब्रेक मारतो आणि मागचा त्याच्यावर येतो.

---

वाटाड्या:

सर्कलबद्दल थोडं. साध्या चौफुलीत वाहनांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी भिडतात, त्यातल्या १६ ठिकाणी तर थेट छेदतात. एकपदरी सर्कलमध्ये हीच संख्या ८ होते आणि छेदणारा बिंदू एकही उरत नाही, फक्त मिसळणं आणि फुटणं. अमेरिकेत थांबा-पाटी किंवा सिग्नलचे चौक बदलून सर्कल केले, तेव्हा माणसं जखमी होणारे अपघात साधारण तीन चतुर्थांशांनी घटल्याचं अभ्यासात दिसलं.

दोन अटी मात्र आहेत. आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम पाळला गेला पाहिजे. ब्रिटनने तो १९६६ मध्ये लागू केला आणि तोवर कोंडीत अडकणारी सर्कलं वाहती झाली. दुसरी अट म्हणजे चारही बाजूंची वाहतूक फार विषम नको. महामार्गाचा लोंढा अखंड असेल तर आडव्या रस्त्याला आत शिरायला जागाच मिळत नाही. तुमच्याकडे महामार्ग चौपदरी, म्हणजे सर्कलही दुपदरी होणार, आणि मग ते ८ बिंदूंचं गणितही राहत नाही.

---

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. मग चौथा पर्याय कोणता? ती फटच बंद केली तर?

---

जुना रस्तेवाला:

मी तेच सुचवणार होतो. फट अशी बांधा की महामार्गावरून उजवीकडे उतरता येईल, त्यासाठी स्वतंत्र थांबा-लेन द्या, पण आडव्या रस्त्यावरून थेट पलीकडे जाता येणार नाही. त्यांनी डावीकडे वळायचं, पुढे जाऊन यू-टर्न घ्यायचा आणि परत यायचं. एका वेळी एकाच दिशेच्या वाहतुकीकडे बघावं लागतं, हा त्यातला खरा फायदा. लेन बदलायला पुरेसं अंतर हवं, यू-टर्नपाशी लांब ट्रक वळेल इतकी रुंदी हवी. आणि वळसा फार लांब पडला तर दुचाक्या उलट दिशेने घुसणार, हे गृहीत धरूनच अंतर ठरवायला सांगा. आडव्या रस्त्याची वाहतूक फार जड असेल तर हा उपाय कोलमडतो, तेव्हा बारा रकाने भरल्याशिवाय तोही मागू नका.

झाडी छाटणं, रस्त्याचा तिरकेपणा काढून तो काटकोनाजवळ आणणं आणि दिवे लावणं, हे कुठल्याही आराखड्यात लागणारच आहे. ते मसुद्यात सगळ्यात वर लिहा.

---

वाटाड्या:

मोजणीला उभे राहाल तेव्हा थोडक्यात हुकलेले प्रसंगही टिपा: करकचून ब्रेक, ऐनवेळी दिलेला हिसका, वेळ आणि जागेसकट. अपघात मोजायचे तर वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. हुकलेल्या धडका बघून चौकाची पारख करायची अशीच एक पद्धत स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात विकसित झाली आहे. शिवाय तुमच्या वर्णनात पायी रस्ता ओलांडणारे कुठेच आले नाहीत. त्यांच्यासाठी तेरावा रकाना आखा.