जुनी स्कूटर गरम झाली की बंद पडते, रविवारी बाबांना पानिपतच्या पिक्चरला न्यायचंय

सिडकोकर: बाबांची टू-स्ट्रोक स्कूटर आहे, सकाळी लगेच चालू होते पण नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून द्वारका चौकापर्यंत आली की बंद, मग थंड होईस्तोवर किती किका मारा काही नाही. काय बघू?

पंचवटीवाला: बंद पडल्या पडल्या प्लग काढ. काळा तेलकट असेल तर ऑइल जास्त पडतंय, गियरच्या स्कूटरला लिटरमागे 20 मिली टू-टी ऑइल पुरतं. ओला आहे पण ठिणगी नाही म्हणजे कॉइल, ती गरम झाल्यावरच दगा देते. आणि कोरडा असेल तर टाकीचं झाकण सैल करून चालव, त्याचं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही भाऊ.

देवळालीकर: पिक्चर बघाच. 14 जानेवारी 1761 च्या लढाईआधी कित्येक दिवस मराठ्यांची रसद तुटलेली, माणसं जनावरं उपाशी, तरी इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी सकाळी अब्दालीकडचे रोहिले मागे रेटले होते. पडद्यावर तलवारीच जास्त दिसतात, उपासमार दाखवायला हवी असं मला मनापासून वाटतं. आपल्या नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर पण कोणीतरी मोठा पिक्चर काढा राव, 1682 पासून पाचेक वर्षं मुघलांना दाद दिली नाही.

सिडकोकर: प्लग कोरडाच निघाला दादा, भोकात माती होती, सुईने काढली. आज नाशिकरोडपर्यंत न थांबता गेली, खूप आभार.