अनुभव धागा: शाळेचा जॅझ बँड आणि 'इसेन्शियली एलिंग्टन'

न्यूयॉर्कच्या 'जॅझ ॲट लिंकन सेंटर' या संस्थेचा हा हायस्कूल महोत्सव. अमेरिकेतले थोर जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या रचनांचं नोटेशन शाळांना फुकट पाठवायला सुरुवात झाली आणि १९९६ला पहिली स्पर्धा भरली. आधी न्यूयॉर्कच्या आसपासच्या शाळाच असायच्या, मग देशभरातून बँड येऊ लागले. माझ्या मते खरी देणगी करंडक नव्हे, ते नोटेशन. तुमच्या घरात कोणी वाजवलंय का? सविस्तर लिहा.

सिएटलहून
आमच्याकडे गारफील्ड आणि रूझवेल्ट या दोन सरकारी शाळांची चुरस. रूझवेल्ट २००२, २००७, २००८ला पहिली. गारफील्ड २००३, २००४, २००९, २०१०ला. गारफील्डचे क्लॅरेन्स एकॉक्स सर १९७१पासून तिथे शिकवत होते. एवढी वर्षं एकाच शाळेत, म्हणून तर बँड उभा राहिला!

न्यू जर्सीहून
मुलगा ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) वाजवतो. सरांनी हार्डवेअरच्या दुकानातून सिंक तुंबल्यावर लागतो तो रबरी पंप आणायला सांगितला, दांडा काढून. डाव्या हातात ती वाटी धरून कर्ण्याच्या तोंडाशी उघडझाप करायची, सोबत घशातून गुरगुर. एलिंग्टनच्या बँडमधला 'ट्रिकी सॅम' नॅन्टन असंच वाजवायचा. महिनाभर घरात नुसती घुसमटलेली घरघर, आणि एका संध्याकाळी ट्रॉम्बोन चक्क माणसासारखा बोलला. मी स्वयंपाक सोडून बाहेर आले. एलिंग्टन वाद्यासाठी नव्हे, वादकासाठी लिहायचे, हे तेव्हा कळलं. डेव्हिड बर्जरसारख्या जाणकारांनी रेकॉर्ड ऐकऐकून यातलं बरंच नोटेशन उतरवलंय. केवढं जिकिरीचं काम!

टेक्सासहून
आमचा बँड अंतिम फेरीत कधीच गेला नाही. पण ध्वनिमुद्रण पाठवलं की परीक्षकांचा लेखी अभिप्राय येतो. 'ड्रम्स हळू, बेस ऐका', एवढ्यावर आम्ही सगळं पुन्हा बसवलं.

ठाण्याहून
१९६३ला एलिंग्टन भारतात आले होते, दिल्लीत आजारीही पडले. त्या दौऱ्यानंतरच्या 'फार ईस्ट सूट' या रचनामालिकेत 'ब्ल्यूबर्ड ऑफ दिल्ली' आहे, मैनेची शीळ क्लॅरिनेटवर. अमेरिकेतली भाची शाळेत तेच वाजवते. व्हिडिओ कॉलवर ऐकताना मला फार अभिमान वाटला.

बोस्टनहून
२०२०ला करोनामुळे महोत्सव ऑनलाइन झाला. लेकीचं ते शाळेतलं शेवटचं वर्ष. 'जॅझ ॲट लिंकन सेंटर'चे ट्रम्पेटवादक विन्टन मार्सालिस यांच्यासमोर वाजवायचं राहून गेलं, याची खंत तिला आजही आहे. सॅक्सोफोन मात्र तिने सोडलेला नाही; पुढे कॉलेजच्या बँडमध्येही वाजवला.