शेजारच्या देशात लोकशाही मोडली, तर शेजाऱ्यांनी काय करावे? (इकोवासच्या निमित्ताने)

माणदेशी (चर्चाप्रस्ताव)

माली, बुर्किना फासो आणि नायजर हे लष्करी राजवटीखालील तीन देश २९ जानेवारी २०२५ रोजी ‘इकोवास’ या पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या संघटनेतून अधिकृतपणे बाहेर पडले. १९७५ साली लागोस येथे ही संघटना स्थापन झाली ती आर्थिक सहकार्यासाठी. परंतु २००१ साली तिच्या सदस्यांनी सेनेगलची राजधानी डाकार येथे लोकशाही आणि सुशासनाविषयी एक पूरक करार केला, आणि घटनाबाह्य मार्गाने मिळवलेली सत्ता आम्ही मुळीच खपवून घेणार नाही, असे बंधन स्वतःवर घालून घेतले. निवडणुकीला सहा महिने उरले असता, बहुसंख्य राजकीय घटकांची संमती असल्याशिवाय, निवडणूक कायद्यात मोठा बदल करू नये, इतके बारीक कलमही त्यात आहे.

करार उत्तम आहे. माझा आक्षेप त्याच्या एकतर्फी अंमलबजावणीला आहे. गिनीचे अध्यक्ष अल्फा कोंदे यांनी मार्च २०२० मध्ये सार्वमत घेऊन नवी राज्यघटना आणली आणि तिच्या आधारे त्याच वर्षी ते तिसऱ्यांदा निवडून आले. त्याबद्दल इकोवासने गिनीवर कोणतेही निर्बंध लादले नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये सैनिकांनी कोंदे यांना पदच्युत केले, तेव्हा मात्र गिनीचे सदस्यत्व तत्काळ निलंबित झाले. बंदूक रोखून घटना मोडणे हा गुन्हा आणि सार्वमत घेऊन ती वाकवणे हा अंतर्गत प्रश्न, असा भेद सामान्य नागरिकाने का मान्य करावा? कुंपणच शेत खाऊ लागले, तर राखण करायची कोणी?

गोदाकाठ

माणदेशी, आपला राग समजतो, पण आपण गांबियाला विसरलात. याह्या जामेह १९९४ च्या लष्करी उठावातून सत्तेवर आले आणि बावीस वर्षे राहिले. १ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत ते हरले, त्यांनी पराभव मान्यही केला, आणि आठवडाभरातच शब्द फिरवला. त्यांची समजूत घालायला गेलेल्या शिष्टमंडळात घानाचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन महामा होते, आणि तेही नुकतेच स्वतःच्या देशातील निवडणूक हरून पराभव स्वीकारून आले होते. हरलेला अध्यक्ष दुसऱ्या हरलेल्या अध्यक्षाला खुर्ची सोडायला सांगतो, हे दृश्य मला त्या सबंध प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते. विजयी उमेदवार अडामा बॅरो यांचा शपथविधी १९ जानेवारी २०१७ रोजी डाकारमधील गांबियाच्या वकिलातीत झाला, त्याच दिवशी सेनेगलच्या नेतृत्वाखालील फौजा सीमा ओलांडून गेल्या, आणि दोन दिवसांत जामेह देश सोडून गेले. ही संघटना नसती तर बॅरो आजही परागंदा असते. आणि जामेह हे सैनिक असले, तरी त्या वेळी ते विद्यमान अध्यक्षच होते, हेही लक्षात घ्यावे.

भातगिरणी

मी तांदळाच्या व्यापारानिमित्त काही वर्षे बेनिनमध्ये, कोटोनू येथे होतो, म्हणून लिहितो. नायजरला समुद्रकिनारा नाही. त्याचा बराचसा माल कोटोनू बंदरात उतरतो आणि तेथून ट्रकने उत्तरेला जातो. २६ जुलै २०२३ रोजी नायजरचे अध्यक्ष मोहम्मद बझूम यांना त्यांच्याच रक्षकदलाने कोंडले. चारच दिवसांनी इकोवासने आठवड्याची मुदत देऊन लष्करी कारवाईचा इशारा दिला, सीमा बंद केल्या आणि आर्थिक व्यवहार थांबवले. नायजेरियाने वीज तोडली, आणि नायजरची सुमारे ७० टक्के वीज तिथूनच येत होती. माल बंदरात पडून राहिला, ट्रकचालक आठवडेच्या आठवडे रस्त्याकडेला राहिले. तुरुंगात जायला हवे होते असे ज्यांच्याबद्दल म्हणता येईल, त्या सेनाधिकाऱ्यांच्या घरची चूल काही विझली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, याहून वेगळे शब्द मला सुचत नाहीत. उलट ‘बाहेरचे लोक आपल्याला उपाशी मारत आहेत’ असे सांगायची सोय लष्कराला झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्बंध बहुतांशी उठले, पण बझूम सुटले नाहीत.

गोदाकाठ

भातगिरणी, आपण डोळ्यांनी पाहिलेले मी नाकारत नाही. परंतु निर्बंध नकोत, फौज नको, तर मग काय हवे? निषेधाचे पत्रक? जानेवारी २०२२ मध्ये मालीवर निर्बंध लादल्यावरच तिथल्या लष्कराने निवडणुकीचे वेळापत्रक मान्य केले होते.

भातगिरणी

मान्य केले, आणि जुलैमध्ये निर्बंध उठल्यावर पाळले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरलेली अध्यक्षीय निवडणूक झालीच नाही.

माणदेशी

गांबियाचे उदाहरण मी मान्य करतो, पण ते सर्वत्र लागू पडत नाही. तो देश तिन्ही बाजूंनी सेनेगलने वेढलेला, सैन्य लहान, आणि जनतेने मतपेटीतून निकाल दिलेला. नायजर आणि नायजेरिया यांच्यात दीड हजार किलोमीटरहून लांब सीमा आणि दोन्ही बाजूंना हौसा भाषक नातलग, त्यामुळे नायजेरियाच्या संसदेतच युद्धाला विरोध झाला. न पेलणारी धमकी दिली आणि ती पोकळ ठरली, यात संघटनेचे वजन गेले.

माझा मूळ मुद्दा मात्र शिल्लक आहे. मे २०१५ मध्ये सर्व सदस्य देशांत अध्यक्षाला दोनच कार्यकाळ मिळावेत, असा प्रस्ताव इकोवाससमोर आला होता. टोगो आणि गांबिया यांनी विरोध केला आणि तो बाजूला पडला. तो नियम झाला असता, तर कोंदे यांच्याविरुद्ध बोट दाखवायला एक कलम तरी हाती असते. अध्यक्षांच्या बैठकीत अध्यक्षांची मुदत ठरवायची, ही रचनाच सदोष आहे.

कृष्णाकाठची वकील

सर्वजण शिखर बैठकींविषयीच लिहीत आहेत, म्हणून एक भर घालते. इकोवासचे स्वतःचे न्यायालय नायजेरियाची राजधानी अबुजा येथे आहे, आणि २००५ पासून मानवी हक्कांच्या प्रकरणात कोणताही सामान्य नागरिक आपल्या देशातील न्यायालये पालथी न घालता थेट तिथे जाऊ शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये याच न्यायालयाने बझूम यांना मुक्त करण्याचा आदेश दिला. नायजरच्या राजवटीने तो पाळला नाही हे खरे, पण आदेशाची नोंद झाली, आणि मी वकील म्हणून नोंदीला फार महत्त्व देते.

सेनेगलचेही पाहावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अध्यक्ष मॅकी साल यांनी तोंडावर आलेली निवडणूक पुढे ढकलली. इकोवासने मूळ वेळापत्रक पूर्ववत करण्याचे आवाहन केले, पण तो निर्णय रद्द ठरवला सेनेगलच्याच घटना परिषदेने, म्हणजे तिथल्या घटनात्मक न्यायालयाने, आणि २४ मार्चला मतदान होऊन विरोधी पक्षाचे उमेदवार निवडून आले. बाहेरच्यांचा शब्द उपयोगी पडतो तो घरात असे न्यायाधीश शिल्लक असतील तेव्हाच, असे माझे मत आहे. म्हणून माली, बुर्किना फासो आणि नायजर बाहेर पडले याचे मला अधिक दुःख वाटते ते व्यापारासाठी नव्हे, तर तेथील नागरिकांना अबुजाच्या न्यायालयाचे जे एक दार उघडे होते, ते त्यांना न विचारता बंद झाले म्हणून.