एआयच्या काळात तालमींवरचा मराठी पॉडकास्ट: कोणतं काम माणसाचं, कोणतं मशीनचं?

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मंगळवारपेठी

कोल्हापुरातल्या तालमी आणि लाल मातीतली कुस्ती यावर १२ भागांचा मराठी पॉडकास्ट करायचं ठरतंय. एक भाग साधारण ४० मिनिटांचा. बोलणारे दोघं: एक विचारणारा आणि एक वस्ताद किंवा जुना पैलवान, वय सत्तरीच्या पुढं, बोली अस्सल इथली. निम्मं रेकॉर्डिंग घरात, जिथं शहाबादी फरशी आणि मोकळ्या भिंती आहेत. निम्मं तालमीत. खर्चायला २५ हजार आहेत.

गुगलच्या नोटबुकएलएम या एआय साधनाला दोन-चार लेख दिले की दोन निवेदक गप्पा मारतायत असा ऑडिओ काही मिनिटांत मिळतो. मग एवढं राबायचं कशासाठी? आणि राबायचं तर कोणतं काम एआयला द्यावं? चाचणीचं रेकॉर्डिंग व्हिस्परला (बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं ओपनएआयचं मॉडेल) दिलं तर निम्मं हिंदीत आलं, एका ठिकाणी एकच वाक्य ओळीनं दहा-बारा वेळा आलं आणि बऱ्याच वाक्यांचा शेवटच गायब आहे.

शब्दांकन

नक्की सुरू करा, पण आधी प्रश्न बदला. जे कुठंतरी लिहिलेलं आहे त्याच्या गप्पा करणं मशीनला जमतं. खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलं, हे सांगायला आता तुमचा माइक लागत नाही. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती कशी करतात ते विचारा. ताक किती, तेल किती, लिंबू आणि हळद कशासाठी, कापूर कधी, पावसाळ्यात माती दमट झाली की काय करायचं. ढाक हा डाव मारताना कमरेचा भार कुठं असतो, पोराचं काय चुकतं, ते वस्तादांना लांबून कसं कळतं. हे त्यांच्या तोंडून निघेपर्यंत कुठल्याच मॉडेलकडं नसतं. भागाला असे आठ-दहा प्रश्न पुरतात. ‘तुमच्या काळातली कुस्ती कशी होती’ असला प्रश्न टाकलात की समोरून भाषण येतं.

आता व्हिस्पर. भाषा सांगितली नाही तर ते सुरुवातीच्या ३० सेकंदांवरून अंदाज करतं. लिपी एक, शब्द जवळचे, त्यामुळं मराठीचं हिंदी होतं. भाषा मराठी अशी आधीच पक्की करा. एकच वाक्य परत परत येतं ते बहुतेक शांततेच्या किंवा गोंगाटाच्या जागी. तिथं दोन गोष्टी करायच्या: मागच्या मजकुरावरून पुढचं ठरवण्याची सोय, म्हणजे कंडिशन ऑन प्रीव्हियस टेक्स्ट, बंद करा आणि बोलणं नसलेले तुकडे गाळणारा व्हीएडी फिल्टर चालू करा.

वाक्यांची शेपटं गळण्याचं कारण वेगळं आहे. व्हिस्पर ३०-३० सेकंदांचा तुकडा घेतं आणि एका तुकड्यासाठी साधारण २२४ टोकनांपर्यंतच मजकूर लिहितं (टोकन म्हणजे मॉडेल मजकूर ज्या बारीक तुकड्यांत मोडतं ते). इंग्रजीला एवढं भरपूर झालं. देवनागरीत एकेका शब्दाला कितीतरी जास्त टोकन लागतात, म्हणून भरभर बोलणाऱ्याची जागा मध्येच संपते आणि उरलेलं बोलणं लिहिलंच जात नाही. ऑडिओ श्वासाच्या जागी तोडून १०-१५ सेकंदांचे तुकडे करून द्या. अवघड शब्द ओळखता यावेत म्हणून व्हिस्परला सुरुवातीला जी शब्दसूची देतात तिलाही हीच मर्यादा आहे, त्यामुळं शंभर शब्द कोंबून उपयोग नाही. शड्डू, हौदा, वस्ताद, ढाक, घिस्सा, मोळी, आणि त्या भागातली माणसांची व गावांची नावं एवढंच ठेवा.

व्हिस्परचं मॉडेल लार्ज-व्ही३ घ्या, लहान मॉडेलं मराठीत फार चुकतात. जोडीला आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतचं इंडिककॉन्फॉर्मर चालवा. ते भारतीय भाषांसाठीच शिकवलेलं आहे. दोन्हींचा मजकूर शेजारीशेजारी ठेवला की जिथं फरक दिसतो तिथं आधी कान द्यायचा, बरंच काम तिथंच आटोपतं. तरी एकदा सलग ऐकण्यासकट भागाला तीन-चार तास धरा.

आणि हा मजकूर ‘शुद्ध’ करायला चॅटबॉटकडं अजिबात देऊ नका. तो ‘गेलतो’चं ‘गेलो होतो’ करतो, ‘करालाय’चं ‘करत आहे’ करतो. इथली बाई ‘मी आलो’ म्हणते, त्याला तो चूक समजून ‘मी आले’ लिहितो. पैलवानाची आई किंवा बायको बोलायला येईल तेव्हा पानापानावर हे होईल, आणि ज्या बोलीसाठी आपण रेकॉर्डर लावला तीच गेलेली असेल.

गेन_बेतानं

पैसे एआयच्या वर्गणीत घालू नका, माइकात घाला. दोघांना दोन डायनॅमिक माइक, स्टँड आणि दोन इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), जपून घेतलं तर २५ हजारांत बसतं. कंडेन्सर माइक घरात नको, फरशीवरून परतणारा सगळा आवाज तो उचलतो. तोंडापासून माइक १०-१५ सेंटिमीटरवर, थोडा तिरका. दोन माइकांतलं अंतर याच्या तिप्पट तरी हवं, नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्यात शिरतं. दोघांचे ट्रॅक वेगळेच ठेवा, म्हणजे कोण काय बोललं हे मशीनला ओळखायला लावावं लागत नाही. एकाच ट्रॅकवरून मशीन वक्ते वेगळे करतं खरं, पण दोघं एकदम बोलले की हमखास चुकतं.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची पातळी. पंखा बंद, लॅपटॉप बॅटरीवर. भिंतींवर फोमचे पातळ तुकडे चिकटवण्यापेक्षा बोलणाऱ्याच्या पाठीमागं आणि बाजूला दोरीवर जाड वाकळा टांगा, भिंतीपासून वीतभर सोडून. फरशीवर सतरंजी. सगळे गप्प असताना ३० सेकंद खोलीचा आवाज घ्या, पुढं लागतो.

तालमीत शड्डूचा आवाज बोलण्यापेक्षा एकदम कितीतरी मोठा येतो आणि साध्या रेकॉर्डरवर तो फाटतो. तिथं ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर भाड्यानं घ्या. त्यात मोठा आवाज नंतर खाली आणता येतो, फक्त माइकच फाटेल इतका जवळ शड्डू नको.

एआयचं आवाज-सुधार साधन मात्र यावर चालवू नका. ती साधनं नुसता गोंगाट काढत नाहीत, बोलणं नव्यानं घडवतात. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे शब्द वेगळेच होतात. शड्डू, हलगी, मातीत पडल्याचा धप्प आवाज हे सगळं त्यांच्या लेखी कचरा.

रंकाळा_मिक्स

सरसकट नाही पटलं. घरातल्या रेकॉर्डिंगमध्ये घुमारा राहिलाच तर सुधारलेला ट्रॅक ३०-४० टक्के आणि मूळ ट्रॅक उरलेला, असं मिसळलं की ‘ळ’ शाबूत राहतो. अट एकच: दोन्ही ट्रॅक वेळेत अगदी तंतोतंत, सॅम्पलपर्यंत जुळलेले हवेत, नाहीतर आवाज पोकळ येतो. तालमीतल्या रेकॉर्डिंगबद्दल वरच्याशी सहमत, त्याला हात लावू नये.

८० हर्ट्झच्या खालचा आवाज कापा, मग कॉम्प्रेशन (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणं), शेवटी लाउडनेस, म्हणजे सरासरी जाणवणारा आवाज, उणे १६ एलयूएफएस आणि ट्रू पीक, म्हणजे सर्वांत वरचं टोक, उणे १ डेसिबल. नुसतं बोलणं असेल तर मोनो ९६ केबीपीएस एमपी३ पुरे, ४० मिनिटांची फाइल सुमारे २९ एमबी होते. मूळ वेव्ह फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.

पानोपानी

तपासलेला मजकूर प्रत्येक भागाखाली स्वतःच्या वेबपानावर पूर्ण टाका, आणि व्हीटीटी फाइल (वेळेच्या खुणांसकट तोच मजकूर) आरएसएस फीडमध्ये, म्हणजे ॲपांना भाग पोचवणाऱ्या यादीत, पॉडकास्ट ट्रान्सक्रिप्ट टॅगनं जोडा. शोधयंत्रं आणि उत्तरं देणारी एआय साधनं यांना सहज वाचता येतो तो मजकूर. ‘मोळी डाव कसा मारतात’ असं कुणी विचारलं तर तुमच्या वस्तादांचं उत्तर सापडायला ते लिहिलेलं लागतं. फीडचा पत्ता स्वतःच्या डोमेनवरचा ठेवा. गुगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं, पण ज्यांची फीड स्वतःची होती त्यांचे भाग बाकी ॲपांवर चालूच राहिले.

संमती लेखी घ्या, चार गोष्टींची वेगवेगळी: रेकॉर्डिंग, प्रसारण, मजकूर छापणं, आणि आवाजावर एआय शिकवणं किंवा आवाजाची नक्कल करणं. चौथीसमोर स्पष्ट ‘नाही’ हवं असेल तर तेही लिहा. वाचायला त्रास असेल तर वाचून दाखवा आणि ‘व्हय’ रेकॉर्ड करा. अरिजित सिंगच्या आवाजाच्या एआय नकलेवर मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अंतरिम मनाई दिली. ते प्रसिद्ध गायक आहेत. आपल्या वस्तादांकडं हा कागद तरी असू दे.

मंगळवारपेठी

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: बोलण्याच्या भरात वस्ताद एखादं साल किंवा गाव चुकीचं सांगतात. तेवढाच शब्द त्यांच्या क्लोन केलेल्या आवाजात बदलला तर? आणि सुरुवातीचं निवेदन मशीनच्या आवाजात चालेल का?

शब्दांकन

पहिल्याला नको. जे ते बोललेच नाहीत ते त्यांच्या तोंडी घातलं, तर उद्या बाकीच्या ४० मिनिटांवर कुणी का विश्वास ठेवावा? त्यांचं वाक्य आहे तसं ठेवा आणि लगेच विचारणाऱ्याच्या आवाजात ‘हे साल अमुक’ एवढी दुरुस्ती जोडा. ती त्याच माइकवर, तेवढ्याच अंतरावरून बोलायची. सांध्याखाली ते ३० सेकंदांचं खोलीचं रेकॉर्डिंग पसरलं की तोड कळत नाही.

निवेदनही स्वतःच करा. ‘जरा थांबा’मधला ‘ज’ आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण यातला ‘ज’ आपण वेगळा उच्चारतो, लिहितो मात्र सारखाच. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘तू जग’ यांचंही तसंच. मशीन लिपीवरून अंदाज करतं. ‘च’ आणि ‘झ’ला पण हेच होतं, आणि कोल्हापुरातल्या ऐकणाऱ्याला ते पहिल्याच वाक्यात खटकतं.