मदत हवी आहे: पुण्यातल्या गच्चीवर हिवाळी भाजीपाला, सप्टेंबरात काय काय उरकावं?

नमस्कार मंडळी. पुण्यात गच्चीवर १० × १२ फूट जागा मिळाली आहे. दक्षिणेला साडेतीन फुटी कठडा, बाकी बाजूंना जाळीचं रेलिंग. १५ × १५ इंची ग्रो बॅगा १२ आणि भाजीचे क्रेट ४ आहेत. टोमॅटो, वांगी, मिरची, फ्लॉवर, गाजर, मेथी, कोथिंबीर लावायचं आहे. बॅगा कठड्यालगत मांडायचा बेत आहे, तिथे सध्या छान ऊन असतं. मातीचं प्रमाण आणि पेरणीचा क्रम सांगाल का?

प्रतिसाद १
कठडा सोडा, बाकी सगळं नंतर. सप्टेंबरअखेर दुपारी त्या कठड्याची सावली जेमतेम सव्वा फूट पडते, म्हणून जागा उन्हाची वाटते. डिसेंबरात पुण्याला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांच्या वर चढत नाही. तेव्हा तीच सावली तीन फुटांच्या पुढे जाते, आणि सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. टोमॅटो कठड्यावर डोकं काढीपर्यंत अंधारात, मग फांद्या लांबणार आणि फूल गळणार. फळभाज्या उत्तरेच्या कडेला न्या. त्यांना सहा तास ऊन हवं. मेथी-कोथिंबिरीचे क्रेट कठड्याकडे ठेवा, त्यांचं कमी उन्हावर भागतं.

प्रतिसाद २
माती: घमेल्याने मोजा. दोन घमेली पोयटा (गाळाची भुसभुशीत माती), दोन चाळलेलं गांडूळखत, एक धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). प्रत्येक बॅगेला दोन मुठी निंबोळी पेंड. वरची दोन इंच मोकळी सोडली तरी एका बॅगेत ३५ लिटरच्या वर मिश्रण बसतं, तेव्हा आधी हिशोब करूनच आणा. कोकोपीट न धुता घातलं तर त्यातल्या क्षारांनी रोपांची पानं कडेने करपतात. गांडूळखताऐवजी शेणखत घेतलं आणि ते पुरतं कुजलेलं नसेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

ओली बॅग ४० किलोच्या आसपास जाते. बारा एका कोपऱ्यात गोळा करू नका, खालच्या तुळईच्या रेषेत पसरा आणि विटांवर ठेवा. खाली पाणी मुरत असेल तर वेळेत दिसतं.

प्रतिसाद ३
टोमॅटो, वांगी, मिरची, फ्लॉवर यांचं बी ट्रेमध्ये आत्ताच टाका, पण पावसाच्या आडोशाला. सततच्या ओलीने रोपं मातीलगत बारीक होऊन कोलमडतात. ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये थोडा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा आणि पाणी सकाळीच द्या. टोमॅटो-फ्लॉवर साधारण चार आठवड्यांत लावणीला येतात, मिरची-वांगी पाच-सहा. एका बॅगेत एकच रोप. इथे लोभ नको.

गाजराचं रोप करू नका, बी थेट पेरा. मूळ दुखावलं की गाजराला दोन पाय फुटतात. पेरणी ऑक्टोबरच्या मध्यानंतर, विरळणी दोन-दोन इंचांवर.

मेथी चारही क्रेटमध्ये एकदम टाकू नका. दर दहा दिवसांनी एक क्रेट. साधारण महिन्यात काढायला येते. कोथिंबिरीसाठी धणे वाटीने रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, चौथ्या दिवशी माती उकरून बघू नका!

धागाकर्ती
खूप आभार, मांडणी बदलते. दुकानात फ्लॉवरचं 'लवकर येणारं' बी आहे, तेच घेऊ का? आणि टोमॅटोची पानं वळतात त्यावर काय करायचं?

प्रतिसाद ३
ते बी नको. लवकरची जात थंडीत सापडली की रोप वाढायच्या आतच लिंबाएवढा गड्डा धरते. मध्यम कालावधीची जात मागा.

प्रतिसाद १
पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळून लहान, पिवळी पडली आणि वाढ खुंटली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, औषध नाही. रोप उपटून पिशवीत बंद करून टाका. नुसती खालची पानं वळली आणि शेंडा हिरवागार असेल तर ऊन-पाण्याचा ताण आहे, घाबरू नका. माशीसाठी पिवळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून लावा. शिवाय लिटरला ५ मिली निंबोळी तेल, १ मिली पातळ साबण, आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर, पानांच्या मागून.

फळाच्या बुडाशी काळा खोलगट डाग पडला तर तो रोग समजून फवारत बसू नका. पाणी एक दिवस भरपूर, दोन दिवस काहीच नाही, असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. बोट दोन इंच खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी, आणि मातीवर वाळक्या पाल्याचा थर.