हानामिचीनं शेवटी कुणाला सांगितलं, हारुकोला की बास्केटबॉलला? (स्लॅम डंक, शेवटच्या मॅचचा स्पॉयलर आहे)

वडगावची सेंटर

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या वडगावची, कॉलेजच्या बास्केटबॉल टीमला सेंटर, म्हणजे रिंगखालची जागा, खेळते. आमच्या घरी पॉवरलूम आहेत, त्यामुळं माग थांबल्याशिवाय घरात मोबाईलचा आवाज ऐकू येत नाही. रात्री माग बंद झाले की मी आणि दहावीतला माझा भाऊ मिळून 'स्लॅम डंक' ही बास्केटबॉलवरची जपानी ॲनिमे मालिका बघायचो. हानामिची हा तिचा हिरो, आणि हारुको त्याला आवडणारी मुलगी. परवा १०१ वा भाग संपला. १९९३ ते १९९६ अशी जवळजवळ अडीच वर्षं चाललेली मालिका, आणि थांबते कुठं, तर नॅशनलला जायच्या तोंडावर! भाऊ ताडकन उठून बसला. "आणि हारुकोचं काय? त्यानं तिला सांगितलंच नाही की!"

मग मांगाचे, म्हणजे मूळ जपानी कॉमिकचे, शेवटचे खंड मिळवले आणि दोघांनी वाचून काढले. तेव्हापासून घरात वाद चाललाय.

नॅशनलमधली सान्नो ह्या टीमविरुद्धची मॅच. एका वेळी शोहोकू, म्हणजे हानामिचीची टीम, २४ पॉइंटनं मागं. बाहेर जाणारा बॉल वाचवायला हानामिची उडी मारतो, कोर्टकडेच्या टेबलावरून पलीकडं जाऊन पडतो आणि पाठीला मार बसतो. थोडा वेळ तसाच खेळतो, मग कोसळतो. जमिनीवर पालथा पडलेला असताना त्याला हारुकोचा पहिल्या दिवशीचा प्रश्न आठवतो, बास्केटबॉल आवडतं का म्हणून विचारलेला. तो उठतो, समोर आलेल्या हारुकोचे दोन्ही खांदे धरतो आणि सांगतो, मनापासून आवडतं, आणि ह्या वेळी हे खोटं नाही. मग परत कोर्टवर जायला निघतो.

भाऊ म्हणायलाय, "प्रपोज केलं, विषय संपला." मी म्हणते, अरे, तो बास्केटबॉलबद्दल बोलतोय, प्रश्नच तो होता. पण मग माझंच मला कळेना. खेळाबद्दल असेल तर हारुकोवरचं त्याचं प्रेम लेखकानं अर्ध्यात सोडलं का? आणि हारुकोसाठी असेल तर एवढ्या दुखत्या पाठीनं परत कोर्टवर कशाला जातो?

आई बाजूला शेंगा निवडत होती, तिनं फक्त ते पान बघितलं. म्हणाली, "लागलंय त्याला, दिसायलंय की. बाहेर का बसवत नाहीत पोराला कुणी?" त्याचंही उत्तर आमच्याकडं नव्हतं.

ज्यांनी पूर्ण वाचलंय त्यांनी सांगा. नुसतं 'दोन्ही' असं उत्तर मात्र नको.

खानापूरकर

हारुकोला. शंभर टक्के.

सुरुवात कुठून होते बघा. ज्युनिअर हायस्कूलमध्ये ५० मुलींनी नकार दिलेला पोरगा आहे हा. म्हणजे ५० वेळा ह्यानं तोंडानं सांगितलंय, सांगायला घाबरणारा गडी नव्हे. पण हारुको भेटल्यापासून एकदा तरी सरळ सांगितलं का? नाही. घरापर्यंत सोबत चालत जायची स्वप्नं बघतो, तिनं स्तुती केली की हवेत जातो, पण सांगत नाही. सगळ्या गोष्टीत त्यानं तिच्या डोळ्यांत बघून अगदी मनापासून 'आवडतं' म्हटलं ते त्या एकाच ठिकाणी. खेळाबद्दलच सांगायचं होतं तर कोचला सांगितलं असतं, टीमची मॅनेजर आयाको, तिला सांगितलं असतं, ती दोघं तिथंच होती. खांदे हारुकोचे धरले. तुमचा भाऊ बरोबर आहे.

निपाणीकर

ताई, तुमचा प्रश्न चांगला आहे, जरा सविस्तर लिहितो.

मी निपाणीत एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पोरांना बास्केटबॉल शिकवतो. सिमेंटचं कोर्ट, एका रिंगला जाळी आहे, दुसरीला नाही. स्वतः कॉलेजला असताना पॉवर फॉरवर्ड खेळलोय, म्हणजे हानामिचीचीच जागा. त्यामुळं हा माणूस मला आतून कळतो असं मी समजतो.

पहिल्या दिवसाकडं नीट बघा. ५० वी मुलगी ह्याला नाही म्हणाली कारण तिला बास्केटबॉल क्लबातला मुलगा आवडत होता. म्हणजे हारुको भेटली त्या दिवशी हानामिचीला बास्केटबॉलचं नाव काढलेलं खपत नव्हतं. आणि तिनं विचारल्यावर तो बेधडक सांगतो, फार आवडतं. सगळी गोष्ट ह्या एका थापेवर उभी आहे. पुढं तो जे जे करतो, ते ती थाप निभवायला करतो.

आता निभवायचं म्हणजे काय, ते खेळलेल्यालाच कळतं. बाकीचे मॅच खेळतात आणि हा कोपऱ्यात आयाकोच्या नजरेखाली ड्रिब्लिंग करतोय. वैतागून सोडून जातो, परत येतो. लेअप शिकतो. कॅप्टन आकागी, म्हणजे हारुकोचा भाऊ, त्याला रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) शिकवतो, स्क्रीन आऊट (समोरच्याला रिंगपासून अडवून धरणं) शिकवतो. ही कामं टाळ्यांची नाहीत. गुडघे वाकवून, ढुंगणानं समोरच्याला मागं रेटत उभं राहायचं आणि बॉल कुठं पडेल त्याचा अंदाज घ्यायचा. आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवसापासून तीन पॉइंटवरनं मारायचं असतं, स्क्रीन आऊट म्हटलं की तोंडं पडतात. हानामिचीला तेच आवडायला लागतं, आणि तो बदल कधी झाला ते त्याचं त्यालाही कळत नाही.

काइनान टीमविरुद्धची मॅच आठवा. शेवटच्या क्षणी तो चुकून पास समोरच्या टीमच्या ताकासागोच्या हातात देतो आणि मॅच जाते. त्यानंतर डोकं तासून येतो. ते तासलेलं डोकं हारुकोला दाखवायला नव्हतं. मुलीवर छाप पाडायला कुणी तांबडे केस काढून टाकत नाही.

आणि माझ्या दृष्टीनं खरी जागा म्हणजे ते २०,००० शॉट्स. नॅशनलच्या आधी बाकी टीम शिबिराला जाते आणि कोच अन्झाई सर ह्याला एकट्याला मागं ठेवून जंप शॉट घोटून घेतात. व्हिडिओवर स्वतःची शॉट मारायची पद्धत बघून त्याचा चेहरा पडतो. त्या आठवड्यात हारुको तिथंच आहे, त्याच्या मित्रांबरोबर मदतीला. म्हणजे ज्या मुलीबरोबर दोन पावलं चालायला मिळावं म्हणून हा खेळात आला, ती सबंध दिवस समोर आहे. आणि हा कोपर सरळ येतोय का ते बघतोय.

आमच्या मैदानावर असंच एक पोरगं आलं होतं. शेजारी मुलींची खो-खोची प्रॅक्टिस चालते, त्यातली एक त्याला आवडायची, सगळ्या मैदानाला माहीत होतं. बॉल रिंगकडं आणि नजर खो-खोच्या खांबाकडं. मी काही बोललो नाही. मग एका संध्याकाळी पाऊस आला, खो-खो बंद झाली, मुली घरी गेल्या. कोर्ट ओलं म्हणून मी बॉलही पोत्यात भरले होते. बघतो तर हा पत्र्याखाली उभा राहून मोकळ्या हातानं शॉट मारतोय. डावा तळवा बाजूला नुसता टेकवलेला, उजवं मनगट शेवटी खाली पडतंय, परत तेच, परत तेच. त्याच आठवड्यात मी त्याच्या आईला सांगितलं, ह्याला आता बूट घ्या.

आता तुमचा प्रश्न. तो बास्केटबॉलबद्दल बोलतोय, ह्याबद्दल मला शंका नाही. पण खानापूरकर म्हणतात तेही खोडता येत नाही, खांदे हारुकोचेच का धरले? माझं म्हणणं असं, की थाप तिला मारली होती. उधारी ज्या दुकानात केली तिथंच फेडायची असते. अन्झाई सरांना किंवा आयाकोला सांगून ती फिटली नसती, कारण पहिल्या दिवशी ते समोर नव्हते. मुलगी मिळावी म्हणून जे बोलला होता, ते चार महिन्यांत घाम गाळून खरं करून दाखवलं आणि ते तिला कळवलं. त्या बदल्यात तिच्याकडून काही मागितलं नाही. आधीच्या ५० मुलींना विचारताना प्रत्येक वेळी त्याला उत्तर हवं होतं. इथं तो उत्तराला थांबतच नाही, कोर्टकडं चालायला लागतो. माणूस मोठा झाला तो इथं.

खानापूरकर

सर, वाचून बरं वाटलं. तरी एक विचारतो. मग हारुकोवरचं प्रेम संपलं असं म्हणायचं का? ते मला पटत नाही.

निपाणीकर

संपलं कुठं म्हटलं मी? आहेच की. पण आता खेळ त्या प्रेमाच्या आधारावर उभा नाही. उद्या हारुको रुकावाबरोबर, म्हणजे तिला आवडणाऱ्या टीममधल्याच पोराबरोबर, फिरायला लागली तरी हा सकाळी उठून प्रॅक्टिसला जाईल, एवढंच म्हणतोय. मॅचचा शेवट बघा की. ज्या रुकावाचा तो हारुकोपायी दुस्वास करायचा, त्याच रुकावाचा पास घेऊन शेवटचा बास्केट मारतो, ७९-७८. आणि मग दोघांचा तो हातावर हात. त्या पानांवर जवळजवळ शब्दच नाहीत.

टिळकवाडीहून

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, म्हणून मी लिहिते.

मी फिजिओथेरपी शिकते. काकू बरोबर बोलल्या. पाठीवर पडल्यानंतर दुखणं वाढतंय, हालचाल अडतेय, अशा खेळाडूला बाहेरच बसवायला पाहिजे. आणि लेखकानं हे लपवलेलं नाही, म्हणून मला ही गोष्ट आवडते. आयाको हानामिचीला स्पष्ट सांगते की खेळणं कायमचं सुटू शकतं. अन्झाई सर कबूल करतात की दुखापत आपल्या आधीच लक्षात आली होती, पण ह्या मुलाची प्रगती बघायचा मोह आवरला नाही म्हणून बाहेर काढलं नाही. आणि हानामिची त्यांना उलट विचारतो, तुमचा सुवर्णकाळ कधी होता? माझा हा, आत्ताचा. वाचताना अंगावर काटा येतो हे खरं. तरीही मी कोच असते तर बसवलं असतं.

त्याची किंमत पण दाखवलीय. सान्नोला हरवून दमलेली शोहोकू पुढच्याच मॅचमध्ये दणकून हरते. हानामिची त्यानंतर समुद्राकाठी पाठीचे उपचार घेत बसलेला दिसतो. निपाणीकर सर, तुमच्या पोरांना ही शेवटची पानंसुद्धा वाचायला द्या. नाहीतर दुखत्या पाठीनं खेळलं म्हणजे शौर्य, एवढंच त्यांच्या डोक्यात राहील.

आणि दुसरं. सगळे हानामिचीबद्दल बोलताय, हारुको जणू खांदे धरायला ठेवलेली बाहुली आहे. ती स्वतः ज्युनिअर हायस्कूलला खेळलेली आहे. तिचं अंग खेळाला फारसं चालत नाही, पण नजर पक्की आहे. त्या आडदांड पोरात खेळाडू आहे हे आकागीच्याही आधी तिनं ओळखलं. शेवटी ती टीमची मॅनेजर होते आणि हानामिचीला पत्रं लिहिते. टीममध्ये काय चाललंय, टीममधला मियागी कॅप्टन झाला, शेवटच्या वर्षाचा मित्सुई अजून टीममध्ये थांबलाय, तुझी सगळे वाट बघताहेत, आवडीचं बास्केटबॉल तुझ्यासाठी थांबून आहे, अशा अर्थाचं. माझ्या मते त्यानं जे सांगितलं त्याचं उत्तर हेच पत्र. 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. तू जे बोललास ते मी ऐकलं आणि खरं मानलं, एवढं त्यात आहे. रुकावाला बघून लाल होणारी पहिल्या खंडातली मुलगी असं पत्र लिहू शकली नसती. तीही चार महिन्यांत वाढलीय.

चिकोडीचा पिव्होट

टिळकवाडीच्या ताईंशी सहमत. पत्राचं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. भर एवढीच घालतो की हानामिची तिथंसुद्धा पत्र हातात घेऊन स्वप्नं बघत बसत नाही. रुकावा पळत येऊन ज्युनिअर जपान टीमची जर्सी दाखवून जातो आणि ह्याचा जळफळाट होतो. उपचारांनंतर खेळात परतायचंय ह्या एकाच गोष्टीवर तो टिकून आहे.

वडगावची सेंटर

सगळ्यांचे आभार. भावाला सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. उधारीचं त्याला पटलं. पत्राचं पटलं नाही, त्याला 'हो'च पाहिजे होतं.

आईला टिळकवाडीच्या ताईंचा प्रतिसाद दाखवला. तिनं शांतपणे ऐकला आणि मला विचारलं, "मागच्या महिन्यात घोटा मुरगळला होता तुझा, तेव्हा तू पण अशीच खेळलीस काय?" म्हणून आज ह्या धाग्यामुळं मला ऑर्थोपेडिककडं जावं लागतंय, आणि आई सोबत येणार आहे.

निपाणीकर सर, २०,००० शॉट्सबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मी ते प्रकरण परत काढलं. पहिल्या वेळी पटापट पानं उलटली होती, कारण मॅच नव्हती. आता बघितलं तर हारुको त्यात बहुतेक ठिकाणी कडेला आहे आणि मध्ये आहे ती रिंग. मला माझं उत्तर तिथं मिळालं. त्याला ती आवडते, पण त्या जागेवर तो तिच्यामुळं उभा नाही. सेंटर म्हणून मला हे माहीत असायला पाहिजे होतं. मी कुणासाठी रिबाउंडला उडी मारते असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगणार?

एक शेवटचा प्रश्न. २०२२ चा पिक्चर सान्नोच्याच मॅचवर आहे म्हणे. भाऊ मागं लागलाय. तो बघितल्यावर हा सगळा भाग मिळतो का?

निपाणीकर

घोट्याला पट्टी बांधून गप बसा पहिलं, बाकी सगळं नंतर.

पिक्चर जरूर बघा, मांगाचे लेखक इनोउए ह्यांनी स्वतः दिग्दर्शन केलंय आणि कोर्टवरची हालचाल इतकी खरी दाखवलेली मी दुसरीकडं बघितली नाही. बॉलचा आवाज, बुटांचा आवाज, सगळं. पण तो मियागीच्या बाजूनं सांगितलाय. ओकिनावातलं त्याचं लहानपण, समुद्रात गेलेला थोरला भाऊ आणि मागं राहिलेली आई. हारुकोचं काम त्यात थोडकंच आहे. भावाला आधीच सांगून ठेवा. आणि आईंना सोबत बसवा, मियागीच्या आईचा भाग त्यांना कळेल.